यानचांगचें शिलातैल : एक जुना ग्रंथ व एका लुप्त सरोवराचा गाळ

(१)

जुन्या लेखाची सत्यता ठरवितांना आपण सामान्यतः त्याच विषयावरील दुसरा लेख शोधतों. बखरीचा ताळा अस्सल पत्राशीं, महजराचा निवाडपत्राशीं व पोथीचा दुसऱ्या पोथीशीं घालून पाहणें ही संशोधकांची नित्याची रीत आहे. परंतु ज्या लेखाचा विषयच एखादा झरा किंवा कोसळलेली दरड असेल, त्याचा ताळा त्या झऱ्याशीं व त्या दरडीशींच घालतां आला, तर तो पुरावा कोणत्या दर्जाचा मानावा, हा प्रश्न आपल्या चर्चेंत क्वचितच येतो.

असा ताळा बऱ्याच पूर्णपणें पाहतां येईल असें एक उदाहरण चीन देशांत आहे. इ. स. च्या अकराव्या शतकांतील एका चिनी ग्रंथांत दोन निरनिराळ्या ठिकाणीं दोन टांचणें आहेत. एक जमिनींतून झिरपणाऱ्या तेलाविषयीं आहे, दुसरें दगड बनलेल्या बांबूंविषयीं. ग्रंथकर्त्यानें या दोहोंचा परस्परांशीं कांहींच संबंध जोडलेला नाहीं. तो संबंध विसाव्या शतकांत खडकांच्या अभ्यासानें जोडला गेला. दोन्ही टांचणांचा मूळ विषय एकच असून तो म्हणजे सुमारें चोवीस कोटी वर्षांपूर्वीं नांदलेलें व आज नामशेष झालेलें एक विस्तीर्ण सरोवर होय, हें दाखविणें, आणि असा निर्णय कोणत्या प्रमाणांवर केला जातो तें सांगणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

स्थळ म्हणजे शेन्शी प्रांताचा उत्तर भाग. येनान हें तेथील मुख्य शहर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकांतून चीनमध्यें गेले तें पथक १९३९ च्या फेब्रुवारींत येथें पोंचलें होतें, त्यामुळें हें नांव महाराष्ट्रीय वाचकांस अपरिचित नाहीं. येनानच्या पूर्वेस यानचांग व यानचुआन हे परगणे लागतात, व त्यांपलीकडे पीत नदीचें खोल पात्र आहे. हा सारा मुलूख पिवळ्या मातीचा. त्या मातीखालीं वालुकाश्म व पंकाश्म यांचे जवळजवळ आडवे थर आहेत, आणि ओढ्यांनीं व नद्यांनीं ते ठिकठिकाणीं उघडे पाडले आहेत.

(२)

ग्रंथकर्ता शेन कुओ (इ. स. १०३१–१०९५) हा सुंग राजवटींतील मोठा अधिकारी व बहुश्रुत पंडित. १०८० पासून सुमारें दोन वर्षें तो यानचौ, म्हणजे हल्लींचें येनान, येथें सरहद्दीच्या बंदोबस्तावर होता. १०८२ सालीं तांगुतांशीं झालेल्या युद्धांत सुंगांचा मोठा पराभव झाला, त्याचा ठपका येऊन त्याचें पद गेलें. पुढें निवृत्तींत, १०८८ च्या सुमारास, त्यानें 'मेंगशी बितान' हा टांचणवजा ग्रंथ सिद्ध केला. राहत्या जागेंतील ओढ्यास त्यानें 'स्वप्नांतील ओढा' असें नांव दिलें होतें, त्यावरून ग्रंथास हें नांव पडलें.

ग्रंथाच्या परंपरेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ग्रंथकर्त्याच्या हातची प्रत उपलब्ध नाहीं. मूळ ग्रंथ तीस अध्यायांचा होता असें नमूद आहे, पण हल्लीं सव्वीसच मिळतात. ११६६ सालीं यांगचौ येथें एक मुद्रित प्रत निघाली होती. तिच्या आधारें १३०५ सालीं चेन रेन्झी यानें आपल्या विद्यापीठांत छापविलेली प्रत ही आज उपलब्ध प्रतींत सर्वांत जुनी असून ती पेकिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. म्हणजे ग्रंथरचना व सर्वांत जुनी प्रत यांत सव्वादोनशें वर्षांहून थोडें कमीच अंतर आहे. आपल्याकडील कित्येक ग्रंथांच्या मानानें ही स्थिति बरीच चांगली म्हटली पाहिजे.

पहिल्या टांचणाचा आशय असा. या प्रदेशांत शिलातैल आढळतें, आणि गाओनू परगण्यांतील स्निग्ध पाण्याविषयीं पूर्वींचे लोक जें सांगतात तें हेंच. पाण्याच्या कडेला वाळू व दगड यांतून झऱ्याच्या पाण्याशीं मिसळून तें संथपणें वर येतें. तेथील लोक फेझंट जातीच्या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांनीं तें टिपतात व मडक्यांत गोळा करतात. दिसावयास तें रोगणासारखें असून चांगलें जळतें, पण धूर एवढा दाट होतो कीं तंबूचें कापड काळें पडतें. ही काजळी उपयोगास येईल असें वाटून शेन कुओनें ती खरडून तिची शाई केली. ती पाईनच्या काजळीच्या शाईहून सरस उतरल्यामुळें त्यानें ती मोठ्या प्रमाणावर करविली, आणि शाईच्या वड्यांवर 'यानचुआनचा शिलाद्रव' अशी मुद्रा उठविली. पुढें तो दोन मतें देतो. हा पदार्थ उत्तरकाळीं जगांत फार चालेल, हें पहिलें. तो जमिनींत अमर्याद उत्पन्न होतो, पाईनच्या झाडांप्रमाणें संपावयाचा नाहीं, हें दुसरें. पाईनचीं रानें शाईकरितां तोडलीं जाऊन डोंगर बोडके होत चालले आहेत, अशी खंतही त्यानें याच ठिकाणीं नोंदविली आहे.

दुसऱ्या टांचणाचा आशय असा. यानचौच्या हद्दींत योंगनिंग घाटाजवळ महानदीची, म्हणजे पीत नदीची, दरड कोसळली. त्यामुळें कित्येक फूट खोलीवर बांबूच्या कोंबांचें एक बनच उघडें पडलें. शेंकडों खोडें, मुळांसकट, सर्व दगड झालेलीं. यानचौस बांबू होत नाहीं, आणि हीं तर एवढ्या खोलीवर, मग तीं कोणत्या काळचीं? अतिप्राचीन काळीं ही भूमि सखल व दमट असून बांबूस मानवण्यासारखी असावी काय, असा तर्क तो करतो.

या मजकुरांत प्रत्यक्ष, शब्द व अनुमान हीं तीन प्रमाणें वेगवेगळीं ओळखतां येतात. झरा, पिसें, मडकीं, धूर व शाई हें सारें स्वतः पाहिलेलें किंवा केलेलें. गाओनूचा उल्लेख हा शब्दप्रमाणाचा भाग. बान गू (इ. स. ३२–९२) याच्या 'हान शू' या इतिहासांतील भूवर्णनांत तेथील एका नदीचें पाणी जळूं शकतें अशी नोंद आहे, म्हणजे या झऱ्यांची लेखी परंपरा शेन कुओच्या आधीं हजार वर्षें मागें जाते. उरलेलें अनुमान, म्हणजे तेलाची अमर्यादता, त्याचा भावी प्रसार आणि बांबूच्या काळची दमट भूमि. खडकाची साक्ष काढावयाची ती मुख्यतः या अनुमानांविषयीं.

शब्दाविषयीं एक सावधगिरीची सूचना. शेन कुओ जो शब्द वापरतो त्यांतील 'शी' म्हणजे दगड व 'यो' म्हणजे तेल. लॅटिनमधील 'पेट्रोलियम' याचाही अर्थ तोच. शिलातैल हा आम्हीं केलेला त्याचा शब्दशः तर्जुमा आहे. यावरून कोणीं आपल्या वैद्यकग्रंथांतील शिलाजतूकडे धांव घेऊं नये. चरक व सुश्रुत यांनीं वर्णिलेलें शिलाजतु उन्हाळ्याच्या तापानें खडकांतून स्रवतें हें खरें, व चरकानें त्याचे सुवर्णादि धातूंवरून चार, तर सुश्रुतानें सहा भेद केले आहेत. परंतु आधुनिक पृथक्करणांत तें मुख्यतः कुजलेल्या वनस्पतींच्या अंशांचें बनलेलें आढळतें. नांवांत शिला आली म्हणून दोन पदार्थ एक होत नाहींत.

(३)

आतां आधुनिक काळाकडे वळूं. यानचांग येथें १९०७ सालीं ८१ मीटर खोलीवर तेल लागलें. चीनच्या मुख्य भूमीवरील आधुनिक पद्धतीची ही पहिली तेलविहीर होय. १९१४ सालीं न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें पेकिंग सरकारशीं करार केला, आणि फुलर व क्लॅप या अमेरिकन भूशास्त्रज्ञांनीं उत्तर शेन्शीची पाहणी केली. सात विहिरी खणल्या गेल्या. सर्वांत थोडेंफार तेल दिसलें, पण व्यापारास पुरेल इतकें कोठेंच निघालें नाहीं, आणि काम सोडून देण्यांत आलें.

या अपयशास लौकरच सिद्धांताचें रूप आलें. १९२२ सालीं एलियट ब्लॅकवेल्डर या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें चीन व सैबेरिया येथील तेलाविषयीं एक निबंध प्रसिद्ध करून चीनमध्यें मोठ्या प्रमाणावर तेल कधींच निघणार नाहीं असा निर्णय दिला. त्याच्या कारणांत प्रमुख हें कीं, तेल ज्या वयाच्या खडकांत सांपडतें त्या वयाचे समुद्रांत बनलेले थर चीनमध्यें फारसे नाहींत. जे आहेत ते नद्यांच्या व सरोवरांच्या गाळाचे. कॅलिफोर्निया, इराण वगैरे तोंवर गाजलेलीं तेलक्षेत्रें समुद्री थरांतील असल्यामुळें तेल म्हणजे समुद्राची संतति हें मत त्या वेळीं बहुतेक तज्ज्ञांस मान्य होतें.

न्यायशास्त्र शिकलेल्यांस यांतील दोष ओळखीचा वाटेल. जेथें अग्नि तेथें धूर, ही व्याप्ति सदोष मानली आहे, कारण धूर अग्निमात्रानें होत नाहीं. ओल्या सरपणाचा संयोग ही त्यांतील उपाधि. तापलेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असूनही धूर नसतो. तेलाच्या बाबतींत समुद्र हा असाच वारंवार दिसणारा सहचर होता. खरें कारण काय, तें अजून कोणीं वेगळें काढून दाखविलें नव्हतें.

चिनी भूशास्त्रज्ञ पान चुंगश्यांग यानें १९४१ सालीं अमेरिकेंतील तेलभूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पत्रिकेंत एक लेख प्रसिद्ध करून, उत्तर शेन्शी व सेचुआन येथील तेल समुद्राशीं संबंध नसलेल्या थरांतच उत्पन्न झालें आहे, असें प्रतिपादन केलें. या मताचें महत्त्व लौकरच व्यवहारांत दिसून आलें. २६ सप्टेंबर १९५९ रोजीं ईशान्य चीनमधील सुंगल्याव खोऱ्यांत एका विहिरींतून तेल वाहूं लागलें. त्या क्षेत्रास 'दाचिंग' म्हणजे 'महोत्सव' हें नांव मिळालें. त्याचा जनक खडक क्रिटेशस काळांतील सरोवराचा गाळ आहे. १९७६ पासून २००२ पर्यंत सलग सत्तावीस वर्षें तेथून दरसाल पांच कोटी टनांहून अधिक तेल निघालें. १९२२ च्या निर्णयास याहून स्पष्ट उत्तर असूं शकत नाहीं. मात्र तेल निघालें म्हणजे तें सरोवरांतलेंच आहे हें आपोआप सिद्ध होत नाहीं. तें दुसरीकडून वाहत येऊन तेथें सांचलें असेल, अशी शंका राहतेच. ती शंका रसायनशास्त्रानें निवारली.

(४)

तेलाचें मूळ प्राणिवनस्पतींत आहे याचा पक्का रासायनिक पुरावा जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यानें १९३४ पासूनच्या कांहीं वर्षांत पुढें आणला. वनस्पतींस हिरवा रंग देणारें जें हरितद्रव्य, त्याच्याच सांगाड्याचीं संयुगें त्यास खनिज तेलांत सांपडलीं. मूळच्या मॅग्नेशियम धातूच्या जागीं व्हॅनेडियम किंवा निकेल बसलेलें, पण सांगाडा तोच. एखाद्या हस्तलिखितांतील मूळ धन्याचें नांव खोडून दुसऱ्यानें आपलें घातलें तरी अक्षराचें वळण ओळखूं येतें, तसा हा प्रकार. अशा संयुगांस पुढें 'रासायनिक जीवाश्म' हें नांव मिळालें.

आतां खडक तेलास जन्म कसा देतो तें थोडक्यांत सांगतों. सरोवराच्या पृष्ठभागीं सूक्ष्म शेवाळ वाढतें, मरतें व तळाशीं बसतें. तळच्या पाण्यांत प्राणवायु असेल तर तें कुजून नाहींसें होतें. पाणी खोल व स्तब्ध असून तळाशीं प्राणवायु पोंचत नसेल तर तें गाळांत टिकतें. नदीचा गाळ बेताचा येत असेल तर त्याचें प्रमाणही मोठें राहतें. गाळ दडपून दगड होतो, व त्यांतील सेंद्रिय द्रव्याचें केरोजेन नांवाच्या अविद्राव्य पदार्थांत रूपांतर होतें. हा शब्द स्कॉच रसायनज्ञ क्रम ब्राउन यानें १९०६ सालीं स्कॉटलंडांतील तेलशेलांसाठीं बनविला. त्यांतील 'केरॉस' म्हणजे मेण. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ते शेलही मुख्यतः सरोवरांतच जमलेले आहेत.

केरोजेनची जात त्यांतील उज्ज वायूच्या प्रमाणावरून ठरते. शेवाळाच्या केरोजेनांत कर्बाच्या मानानें उज्ज पुष्कळ असतो आणि तापल्यावर तें तेल देतें. लांकडाच्या केरोजेनांत तो कमी असल्यामुळें मुख्यतः वायुच मिळतो. पहिल्या जातीचें आदर्श उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ अमेरिकेंतील ग्रीन रिव्हर शेल दाखवितात, आणि तोही सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वींच्या सरोवरांचा गाळच आहे. पुरेसें तापमान मिळाल्याखेरीज मात्र कोणतेंही केरोजेन तेल देत नाहीं. स्थूलमानानें ६० ते १५० अंश सेंटिग्रेड ही त्याची मर्यादा. त्याखालीं तें अपक्व राहतें, व त्यावर तेलाचाही वायु होतो.

येणेंप्रमाणें खरी कारणसामग्री म्हणजे विपुल शेवाळ, प्राणवायुरहित तळ, बेताचा गाळ आणि पुरती उष्णता. ओल्या सरपणाच्या जागीं हीं चार ठेवावींत. तीं समुद्रांत जमतात तशीं सरोवरांतही जमतात. पाणी खारें कीं गोडें, हा प्रश्न दुय्यम आहे.

(५)

शेन्शीचा उत्तर भाग ज्यांत मोडतो त्या विस्तीर्ण खोऱ्यास भूशास्त्रज्ञ ऑर्डोस खोरें म्हणतात. ट्रायासिक काळांतील तेथील सरोवराच्या गाळास यानचांग परगण्यावरूनच 'यानचांग थरमाला' हें नांव मिळालें आहे. तिचे वरून खालीं मोजलेले दहा भाग पाडतात. वरचा चांग-१, तळचा चांग-१०. सरोवर भरत जाण्याचा, अत्यंत फैलावण्याचा व शेवटीं बुजून जाण्याचा इतिहास या दहा भागांत क्रमानें आहे. चांग-७ हा त्यांतील ऐन विस्ताराचा काळ.

चांग-७ मधील काळा शेल हाच मुख्य जनक खडक. सामान्य शेलांत सेंद्रिय कर्ब शेंकडा एकाच्या आसपास असतो, आणि शेंकडा दोन भरला तरी जनक खडक चांगला समजतात. या काळ्या शेलांत तो सर्रास शेंकडा सहा ते चौदा आढळतो, व कित्येक नमुन्यांत त्याहूनही अधिक. त्याच भागांतील साध्या काळसर पंकाश्मांतही शेंकडा दोन ते सहा भरतो. केरोजेन मुख्यतः शेवाळी जातीचें, म्हणजे तेल देणारें.

या थरांत ज्वालामुखींच्या राखेचे पुष्कळ पातळ पदर आहेत. त्यांचें महत्त्व दुहेरी आहे. राखेंतील झिर्कॉन खनिजाच्या कणांवरून काळ मोजतां येतो व चांग-७ चा तळ सुमारें चोवीस कोटी वर्षांचा ठरतो. संवत्सर व तिथि दिलेल्या अस्सल पत्राचें जें मोल तेंच या पदरांचें. दुसरें असें कीं, राखेंतून स्फुरद, लोह वगैरे पोषक द्रव्यें पाण्यास मिळून शेवाळ बेसुमार वाढलें असावें, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे.

तळच्या पाण्यांत प्राणवायु नव्हता याचा पुरावा लोहमाक्षिक म्हणजे पायराइट देतो. रासबेरीच्या घोसासारखे त्याचे सूक्ष्म गोळे या शेलांत विपुल आहेत, आणि ते प्राणवायूच्या अभावींच अशा रीतीनें बनतात. येथें एक अडचणही नमूद केली पाहिजे. गोड्या पाण्यांत गंधक थोडा असतो, म्हणून सरोवराच्या गाळांत माक्षिक सहसा कमी आढळतें. तें येथें एवढें कां? ज्वालामुखींच्या व तळच्या उष्ण झऱ्यांच्या द्वारें जादा गंधक आला, असें कांहीं अभ्यासक म्हणतात. हा मुद्दा अजून चर्चेंत आहे.

उष्णतेचा हिशेबही जुळतो. पुढील थरांखालीं दडपला जाऊन हा शेल क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धांत सर्वांत अधिक तापला व त्या सुमारास त्याचें मुख्य तेल निघालें. नंतर सारें खोरें वर उचललें गेलें, वरचे थर झिजले, व पूर्वेकडील यानचांगच्या बाजूस हे खडक जमिनीलगत आले. शेन कुओनें पाहिलेले झरे तेथले. पण ज्या वालुकाश्मांत हें तेल शिरलें आहे त्यांचीं छिद्रें इतकीं बारीक आहेत कीं तें आपणहून वाहत नाहीं, नुसतें झिरपतें. सात विहिरींत तेल दिसलें पण पुरेसें निघालें नाहीं, याचें मुख्य कारण येथें आहे. आज खडक दाबानें फोडून तें काढतात. २०२० सालीं या खोऱ्यांतील चांगचिंग क्षेत्रानें तेल व वायु मिळून, तेलाच्या मापानें, सहा कोटी टनांहून अधिक उत्पन्न दिलें. त्यांतील वायु बहुतांशीं खालच्या अधिक जुन्या थरांतला आहे, पण तेलाचें मूळ मुख्यतः या सरोवरांत आहे. २०१९ सालीं तर ज्या चांग-७ नें तेल दिलें त्याच थरांत उरलेल्या सुमारें एक अब्ज टन तेलसांठ्याची घोषणा झाली.

(६)

तेल अमुक खडकाचेंच, हें कसें ठरवितात? ही रीत पोथ्या पडताळणाऱ्यांस पटकन समजेल. भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तिच्यांत डॉ. सुखटणकर यांनीं घालून दिलेली पद्धति अशीच आहे. सर्व प्रतींत समान असलेल्या मजकुरावरून दोन प्रतींचें विशेष नातें सिद्ध होत नाहीं. जे पाठ इतरत्र मिळत नाहींत ते ज्या प्रतींत समान, त्यांचा वंश एक.

तेलांतही बहुतेक द्रव्य सर्वत्र सारखेंच असतें. निर्णय करावयाचा तो अल्प प्रमाणांतील विशेष संयुगांवरून. हरितद्रव्याच्या शेपटापासून प्रिस्टेन व फायटेन अशीं दोन संयुगें होतात. प्राणवायु मिळाल्यास पहिलें वाढतें, न मिळाल्यास दुसरें. लांब साखळ्यांच्या मेणांत कर्बाच्या अणूंची संख्या विषम असलेल्या साखळ्या अधिक भरल्या तर तें कांठावरील वनस्पतींच्या पानांचें मेण. आंखूड साखळ्या बहुधा शेवाळाच्या. खारट व थरथरांत विभागलेल्या पाण्यांत गॅमासेरेन नांवाचें संयुग वाढतें. स्टेरेन वर्गांतील तीस कर्बाणूंचें एक विशिष्ट संयुग समुद्री शेवाळाचें चिन्ह मानतात, आणि सरोवरी तेलांत तें सहसा नसतें. शिवाय सरोवरी तेलांत गंधक थोडा व मेण पुष्कळ. आपल्याकडे राजस्थानांत बाडमेर येथें २००४ सालीं सांपडलेल्या मंगला क्षेत्राचें तेल मूळचें सरोवरीच आहे, व मेणामुळें थिजतें म्हणून तें नळांतून तापवून न्यावें लागतें.

या कसोट्या लावल्या असतां ऑर्डोस खोऱ्यांतील ट्रायासिक व त्यांवरील जुरासिक वालुकाश्मांतलें बहुतेक तेल चांग-७ च्या शेलाशीं जुळतें. गॅमासेरेन कमी, म्हणजे पाणी गोडें किंवा किंचित् मचूळ. प्रिस्टेन-फायटेनचें प्रमाण प्राणवायूच्या तुटवड्याकडे बोट दाखविणारें. शेवाळाचा वांटा मोठा व कांठच्या वनस्पतींचा लहान, पण दोन्ही उपस्थित. अपवादही आहेत. कांहीं तेलांत डायाहोपेन नांवाचें संयुग विलक्षण प्रमाणांत सांपडतें. तीं मुख्य काळ्या शेलाशीं जुळत नाहींत, तर जेथें कांठचा गाळ व किंचित् प्राणवायु पोंचत असे अशा पंकाश्मांशीं जुळतात. म्हणजे एका सरोवराच्या तेलांतही दोन शाखा आहेत. वाटेंत दोन तेलें मिसळलीं तर मिश्र पाठाच्या पोथीसारखा घोंटाळा होतो, आणि फार तापलेल्या तेलांत हीं चिन्हेंच पुसट होतात. म्हणून एकाच चिन्हावर निर्णय करूं नये, अनेकांची एकवाक्यता पाहावी, असा या शास्त्राचाही दंडक आहे.

(७)

आतां शेन कुओच्या टांचणांचा निवाडा करतां येईल.

दगडी बांबू हे बांबू नव्हते. बांबू ज्या गवतवर्गांत मोडतो तो ट्रायासिक काळीं जन्मासही आला नव्हता. तीं खोडें निओकॅलॅमाइटिस या अश्वपुच्छवर्गीय वनस्पतीचीं असावींत असें आधुनिक अभ्यासकांचें मत आहे. पेरें व कंगोरे असलेल्या तिच्या खोडांचे जीवाश्म यानचांग थरमालेंत नेहमीं आढळतात व दिसण्यांत बांबूसारखेच असतात. ही वनस्पति पाणथळ कांठांवर वाढणारी. म्हणजे शेन कुओनें वनस्पति चुकीची ओळखली, पण तीवरून काढलेलें अनुमान, कीं ही रुक्ष भूमि एके काळीं सखल व दमट होती, तें बरोबर ठरतें. त्याच्या नजरेसमोर एका सरोवराचा कांठच उघडा पडला होता.

शिलातैलाविषयींचें प्रत्यक्ष सर्व खरें. त्याचा जगांत प्रसार होईल हें भाकितही खरें ठरलें. अमर्यादतेचें मत मात्र टिकत नाहीं. सरोवर बुजलें, शेवाळ संपलें, व शेल तापून जें द्यावयाचें तें देऊन चुकला. सांठा मोठा असेल, पण तो मोजका आहे. पाईनचीं रानें संपतात हें ज्यास स्वच्छ दिसलें, त्यास जमिनीखालचें संपणें दिसलें नाहीं. रान निदान पुन्हा लावतां येतें.

दोन्ही टांचणांचा संबंध असा. एक सरोवराच्या कांठाचें वर्णन आहे, दुसरें त्याच्या तळाच्या द्रव्याचें. शेन कुओच्या तेलाचा नमुना आज नाहीं. पण ज्या झऱ्यांच्या प्रदेशाचें तो वर्णन करतो तेथील तेलांत शेवाळाच्या मेणाबरोबर कांठच्या वनस्पतींचाही अंश आढळतो, तेव्हां त्या तेलाच्या एका थेंबांत दोन्ही टांचणांचे विषय एकत्र आले आहेत असें म्हणण्यास हरकत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपल्याकडील कैफियतींत, माहात्म्यांत व बाडांच्या कोऱ्या पानांवर उष्ण झरे, जळणारा वायु, दगड झालेलीं झाडें, पालट झालेलें पाणी यांविषयीं चुटके आढळतात. वंशावळी व सनदा यांच्या शोधांत असा मजकूर 'अद्भुत' म्हणून वगळण्याची प्रवृत्ति आहे. तो वगळूं नये. स्थळाचें नांव, नोंदीचा काळ व मूळ शब्द यांसह तो जसाच्या तसा उतरून ठेवावा. लिहिणाऱ्यानें काय पाहिलें व काय ऐकलें तें निवडून ठेवावें, अर्थ लावण्याची घाई करूं नये. शेन कुओच्या बांबूंची नोंद एखाद्या नक्कलकारानें निरुपयोगी म्हणून गाळली असती, तर नऊशें वर्षांनीं तिचा ताळा पाहण्याचा प्रसंगच आला नसता.